डायबेटिस कळून काही महिने झाले. भीती ओसरली, तसा उत्साहही

चाकणची_पाळी

नमस्कार मंडळी. वय ४३, उंची पाच फूट सात इंच, वजन ७१. म्हणजे मला बघून कुणी जाड म्हणणार नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर १४८ निघाली, मग एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) केली तर ७.६. आईला आहे, मामाला होता, त्यामुळे आकाश कोसळलं वगैरे नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही हे खरं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आहार आणि व्यायाम करून बघा, मग गोळीचं ठरवू.

ते तीन महिने मी असा वागलो की बायकोला वाटलं नवरा बदलून आला. चहातली साखर बंद, कँटीनचा वडा बंद, भात नावाला, रोज चालणं. पुढचा रिपोर्ट ६.६. डॉक्टर खूश. "असंच चालू ठेवा" म्हणाले. त्या संध्याकाळी घरच्यांनी आनंदाने श्रीखंड आणलं!

तिथून गाडी घसरायला लागली. आधी रविवारची मिसळ, मग "आज पाऊस आहे", मग "आज तिसरी पाळी आहे". घरी साखर मोजायचा मीटर कपाटात गेलाय. बघावंसंच वाटत नाही.

काय खावं हा माझा प्रश्न नाही, ते आता पाठ झालंय. प्रश्न असा की हे जन्मभर कसं करतात? आधी भीतीने ढकललं. आता भीती नाही, कुठे दुखत नाही, खुपत नाही. त्यात दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे कुठलीच सवय बसत नाही. ज्यांना पाच-दहा वर्षं झाली आहेत त्यांनी सांगा. "मनावर घ्या" एवढंच सांगणार असाल तर ते घरी रोज ऐकतो.

---

गवती_चहा

वाचतेय. आणि श्रीखंडाला हसू आवरलं नाही, आमच्याकडे रिपोर्ट चांगला आला तेव्हा जिलबी आणली होती.

---

लोकल_फास्ट

+१. मी पण याच वळणावर आहे. डोंबिवली ते सीएसएमटी रोज, घरी पोचेपर्यंत साडेआठ. धाग्यावर नजर ठेवून आहे.

---

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. उत्साहाचं मोठी मंडळी सांगतील, मी आकड्यांचं बोलतो, कारण निम्मे लोक आकडे चुकीचे वाचून निराश होतात.

एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण सगळ्या दिवसांना सारखं वजन नसतं. जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या एका महिन्याचा असतो. म्हणजे तुमचा महिनाभराचा ढिलेपणा पुढच्या रिपोर्टात दिसणार, आणि आज सुरू केलेली सुधारणाही लवकरच दिसणार.

सरासरीत सांगायचं तर ७.६ म्हणजे सुमारे १७१, आणि ६.६ म्हणजे १४३. ही घट लहान नाही. मात्र मधुमेहाची रेषा ६.५ ला आहे, तेव्हा "बरा झालो" असं समजू नका. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो, आणि थॅलेसेमियाचा वारसा असेल किंवा पेशी लवकर मरत असतील तर खोटाच खाली. हिमोग्लोबिन एकदा बघून घ्या.

घरच्या मीटरबद्दल: चांगल्या मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे चालतं. काल १२८, आज १३९ म्हणून कपाळाला हात लावणारे लोक मी रोज बघतो. ते दोन आकडे एकच आहेत असं समजा.

---

चाकणची_पाळी

@सूक्ष्मदर्शी, हे कुणी सांगितलंच नव्हतं. १२८ आली की पेढे, १३९ आली की सुतक, असं चालायचं माझं.

---

दोनवेळचा

एवढी चर्चा कशाला? दीक्षित डाएट करा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटं चालायचं. मी करतोय, वजन उतरलं, साखर उतरली. यात मन बीन काही लागत नाही. दोन वेळा ठरल्या की संपलं.

---

स्टेथो

डॉक्टर आहे, पण इथे सल्ला देणं म्हणजे तपासणं नव्हे, एवढं आधी सांगतो.

दोनवेळचा म्हणतात त्यात तथ्य आहे. ज्यांना दिवसभर चरायची सवय आहे त्यांना दोन जेवणांची शिस्त लागू पडते, कारण "खाऊ की नको" हा प्रश्न दिवसातून वीस वेळा पडायचा तो दोनदाच पडतो. पण एक गोष्ट ठळक अक्षरात: जे ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं गाळायची नाहीत. साखर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, गरगरणं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. धागाकर्त्याला गोळी नाही, त्यामुळे त्याला हा धोका जवळपास नाही.

आता वजनाचं. चाकणची_पाळी, तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, साडेचोवीसच्या आसपास येतो. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढे जादा वजन धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा, शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपण दिसतो बारीक, पण चरबी पोटात आणि यकृतात साठते. तेव्हा काट्यापेक्षा कमरेला टेप लावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्याच्या आत यायला हवं. तुमच्या बाबतीत चार-पाच किलो उतरणं आणि थोडं स्नायू कमावणं याने खूप फरक पडेल.

आणि "जन्मभर कसं करणार" याला एक उत्तर माझ्याकडे आहे. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा अभ्यास १९७७ मध्ये सुरू झाला, नव्याने मधुमेह कळलेले पाच हजारांवर लोक. काहींची साखर औषधांनी काटेकोर ठेवली, काहींची नेहमीसारखी. अभ्यास १९९७ मध्ये संपला आणि वर्षभरात दोन्ही गटांचे आकडे सारखे झाले. तरीही दहा वर्षांनी बघितलं तर सुरुवातीला साखर नीट ठेवलेल्यांना त्रास कमी, हार्ट अ‍ॅटॅकसुद्धा कमी. म्हणजे पहिल्या काही वर्षांतली मेहनत पुढे कामाला येते. मी पेशंटना "जन्मभर" म्हणतच नाही. पुढची दोन-तीन वर्षं सगळ्यात किमती आहेत, तेवढी सांभाळा म्हणतो.

---

तांदळाची_पेज

मी गोव्याची, म्हापशाकडची. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा) मधुमेहाचा देशभराचा सर्वे आला त्यात गोवा पहिल्या नंबरावर, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. आमच्या वाड्यावर बघितलं तर यात नवल काही नाही.

मला कळलं तेव्हा पहिला प्रश्न: भात सोडायचा? आमच्यात भात सोडणं म्हणजे जेवण सोडणं. आहारतज्ज्ञबाईने चपाती सांगितली. ती महिनाभर खाल्ली, मग माशाच्या हुमणात चपाती बुडवताना एक दिवस रडू आलं. तेव्हा ठरवलं, सोडायचं नाही, मोजायचं. उकड्या तांदळाचा भात एक वाटी, वाटी म्हणजे वाटी, डोंगर नाही. आधी काकडी-टोमॅटो, मग भाजी किंवा वरण, मग बांगडा, आणि भात शेवटी. तोच भात, तेवढाच, पण आधी खाल्ला की दोन तासांनी साखर जास्त दिसते आणि शेवटी खाल्ला की कमी दिसते. पाच-सहा वेळा करून बघितलं तेव्हा पटलं. पेज मात्र माझ्यासाठी वाईट. सगळे म्हणतात हलकी, पचायला बरी. हलकी आहे म्हणूनच साखर झटकन चढते.

तुम्ही मीटर कपाटात ठेवला म्हणता. मी पण ठेवला होता, कारण तो मला परीक्षेच्या निकालासारखा वाटायचा. आता मी त्याला प्रश्न विचारते. आज नाचणीची भाकरी, बघू काय म्हणतो. आज सोलकढी आणि कमी भात, बघू. मीटर माझ्यावर रागावत नाही, मी त्याच्यावर नाही.

---

गवती_चहा

@पेज, किती छान लिहिलंस गं. हुमणात चपाती! डोळ्यांसमोर आलं.

माझी दहा वर्षं होत आली. नाशिकला आहे, शाळेत क्लार्क. भाकरीबद्दल लिहायचंच होतं. आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की ज्वारीची भाकरी म्हणजे मधुमेह्याला मोकळं रान. पोळी नको, भाकरी खा, मग दोन खा, अडीच खा. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ तोललं. माझ्या सासूबाईंच्या हातची एक भाकरी, ९० ग्रॅम पीठ. माझा फुलका २५ ग्रॅमचा. दोन्ही पिठांत साधारण सत्तर टक्के पिष्टच. म्हणजे एक भाकरी म्हणजे साडेतीन फुलके! ज्वारीत तंतू जास्त, पोट भरल्यासारखं राहतं हे खरं, पण फुकट काही नाही. तेव्हापासून मी गोळाच लहान घेते, भाकरी थापते बशीएवढी. सासूबाई म्हणतात, ही काय भाकरी की पुरी?

तसंच उपासाचं. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, भगरही फार मागे नाही. एकादशी दुप्पट खाशी आमच्याकडे खरोखर व्हायचं आणि द्वादशीला उपाशीपोटी साखर बघून घाबरायचे. आता शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी, राजगिऱ्याचं थालीपीठ एखादं. गूळ, मध, खजूर हे साखरेचेच भाऊबंद, "नैसर्गिक" म्हणून सूट नाही. आणि "शुगर फ्री" बिस्किटाच्या पुड्यावर मागे वाचा, मैदा पहिला लिहिलेला असतो.

उत्साहाचं म्हणाल तर तो मला कधीच नव्हता. मी आळशी बाई आहे. म्हणून मी ठरवायचे प्रसंगच कमी केले. डबा रात्रीच भरून फ्रीजमध्ये. शाळेतल्या वाढदिवसाचा केक मी खात नाही हे सगळ्यांना माहीत, आता कुणी आग्रह करत नाही. पहिल्या वर्षी मात्र प्रत्येकीला समजावावं लागलं. चालायला मी एकटी जातच नाही, शेजारीण खाली येऊन हाक मारते. मला जावंसं वाटत नसतं, पण ती खाली उभी असते ना!

---

निवृत्त_मास्तर

कारल्याचा रस सकाळी, जांभळाच्या बियांचं चूर्ण आणि भिजवलेली मेथी. आमच्या गावातल्या एकाची गोळी सुटली. इंग्रजी औषधं एकदा लागली की सुटत नाहीत, त्यामुळे सुरूच करू नका.

---

स्टेथो

मास्तर, मान राखून असहमत. मेथीत विरघळणारे तंतू असतात, तिने थोडी मदत होते, ती जेवणात खुशाल घ्या. कारल्याची भाजीही खा. पण "गोळी सुरूच करू नका" हे कृपया कुणाला सांगू नका. मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, पुरस्कारही नाही आणि शिक्षाही नाही. तीन महिन्यांनी आकडा वर राहिला आणि गोळी लागली तर तो पराभव नव्हे. स्वादुपिंडाची ताकद प्रत्येकाची वेगळी असते, त्यात नशिबाचा आणि आईबापांच्या वारशाचा मोठा हात असतो. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी लोकांनी बी१२ तेवढं तपासत राहावं.

गोळी सुटण्याचंही सांगतो, कारण लोक ऐकीव गोष्टींवर जातात. ब्रिटनमधल्याच डायरेक्ट नावाच्या अभ्यासात, ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती त्यांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरी दिल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षाने ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना मागे हटला. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. पण दोन वर्षांनी ते ४६ चे ३६ झाले, बहुतेकांचं वजन परत चढलं म्हणून. मागे हटतो, जात नाही. व्याख्याही तशीच आहे: औषध बंद करून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली.

---

निवृत्त_मास्तर

ठीक आहे डॉक्टर. गावातला तो मनुष्य दहा किलोने उतरला होता हे मी लिहायचं राहिलं.

---

गवती_चहा

मास्तर 😄

---

हळदकुंकू_बंद

मला मधुमेह नाही, नवऱ्याला आहे. दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण धागाकर्त्याची बायकोही कदाचित हेच भोगत असेल.

यांना कळलं त्या दिवसापासून मी घरातली पोलीस झाले. ताटात नजर, फ्रीजवर नजर, ऑफिसमधून आले की शर्टाचा वास. वडापावचा वास लपत नाही हो. रोज सकाळी "किती आली?" हा प्रश्न. ते आधी सांगायचे, मग कमी करून सांगायला लागले, मग मोजायचंच सोडलं. भांडणं साखरेवरून सुरू व्हायची आणि माझ्या माहेरापर्यंत जायची.

मग त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवून त्यांना विचारलं, आणि नंतर त्यांना बाहेर बसवून मला. मला म्हणाल्या, तुम्ही आकडा विचारू नका, चालायला बरोबर जा. एवढंच. मी आकडा विचारणं बंद केलं. सुरुवातीला जीभ चावून बसायचे. काही आठवड्यांनी एका सकाळी तेच म्हणाले, "आज ११९ आहे." मी म्हटलं, "चहा टाकू?" आतून उड्या मारत होते.

सणाचं आमचं आता असं ठरलंय: नैवेद्य होतो, मोदक होतात, ते दोन खातात, पण जेवणाच्या ताटात, त्या दिवशी भात नाही, आणि जेवल्यावर आम्ही दोघं आरतीपर्यंत गल्लीत चक्कर मारतो. पूर्वी मी देत नव्हते तेव्हा चार वाजता स्वयंपाकघरात उभ्याने पाच जायचे.

---

चाकणची_पाळी

@हळदकुंकू_बंद, हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. पाच मिनिटांनी म्हणाली, "आणि शर्टाचा वास मला पण येतो."

---

लोकल_फास्ट

मेलो!

चालायला वेळ नाही असं मी मघाशी लिहिणार होतो, पण गवती_चहांच्या प्रतिसादानंतर लाज वाटली. जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने काही होतं का? ऑफिसमध्ये लंचनंतर तेवढं जमेल.

---

स्टेथो

होतं, आणि चांगलंच होतं. चालताना मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. न्यूझीलंडमध्ये २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. एका वेळी अर्धा तास चालणं आणि प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालणं, यांची तुलना केली. जेवणानंतरच्या चालण्याने जेवणापश्चातची साखर सरासरी १२ टक्के कमी, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के कमी. आपलं सगळ्यात जड जेवण रात्रीचं, आणि त्यानंतर आपण सोफ्यावर.

आठवड्याला दीडशे मिनिटं हे माप आहे, ते तुकड्यातुकड्याने भरलं तरी चालतं. त्यात दोन-तीन दिवस जोर, बैठका, पाण्याच्या बाटल्या उचलणं, काहीही, पण स्नायूंना ओझं पडेल असं हवं. आणि नव्याने कळलेल्या सगळ्यांसाठी: डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायाच्या तळव्यांची संवेदना, हे सुरुवातीलाच एकदा आणि मग दरवर्षी बघायचं. काही दुखत नाही म्हणून थांबू नका.

---

उंबरठा

सगळं वाचलं. सगळं बरोबर आहे. पण कुणी हे लिहिलं नाही की कंटाळा येतो. नुसता आळस नव्हे, कंटाळा. लग्नात लोक ताटं भरून घेतात आणि मी प्लेटमध्ये पनीरचे तुकडे निवडत बसते. मी ३४ वर्षांची आहे. "इतक्या लहान वयात?" हे ऐकून कान किटले. गरोदरपणात साखर वाढली होती, ती नंतर गेली आणि चार वर्षांनी परत आली. कधी कधी सगळं नीट करून आकडा वरच. मग वाटतं, कशाला?

---

गवती_चहा

उंबरठा, अगं, आहे हे. मला तिसऱ्या वर्षी झालं होतं. तेव्हा मी दोन आठवडे मीटरला हात लावला नाही, फक्त संध्याकाळचं चालणं आणि गोळी एवढंच ठेवलं, बाकी सगळं सैल. डॉक्टरांना सांगूनच केलं. काही बिघडलं नाही.

---

स्टेथो

उंबरठा, या थकव्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. १९९५ पासून ते मोजायची प्रश्नावलीसुद्धा आहे, म्हणजे तुमच्या एकटीचं दुखणं नाही. पुढच्या भेटीत आकड्यांआधी हे सांगा. डॉक्टर ऐकत नसतील तर डॉक्टर बदला. झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.

सकाळचा आकडा सगळं करूनही वर असेल तर त्यातही तुमचा दोष असेलच असं नाही. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं, यकृत साखर ओततं. रात्री काही न खाता सकाळी १४० येऊ शकते.

---

उंबरठा

हे पहाटेचं माहीत नव्हतं. मी रात्रीचं जेवण कमी कमी करत चालले होते. थँक्यू. आणि @गवती_चहा ❤️

---

जर्सीतला_बंडू

अमेरिकेतून. इथे मी दंडाला साखर सतत मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावतो, फोनवर आलेख दिसतो. भारतातही मिळतो, पण स्वस्त नाही. मी वर्षातून दोन-तीनदाच लावतो. कायम लावला तर मी दिवसभर फोनच बघत बसतो आणि बायको म्हणते त्यापेक्षा शेअर बाजार बरा.

त्यातून एक कळलं: ओट्स. इथे सगळे आरोग्यदायी म्हणून खातात. दोन मिनिटांत शिजणारे ओट्स मला पोह्यांपेक्षा वर नेतात. दाणे, मटार घालून केलेले पोहे आणि बरोबर एक अंडं, यात आलेख बराच सपाट. तुमचं वेगळं असेल.

---

सूक्ष्मदर्शी

मीटर वापरणाऱ्यांसाठी एक किस्सा. गेल्या मे महिन्यात एक काकू घाबऱ्याघुबऱ्या लॅबमध्ये आल्या. घरच्या मीटरवर २९० दाखवतंय, जेवण तर नेहमीचंच. मी विचारलं, मोजायच्या आधी काय करत होता? म्हणाल्या, हापूस कापत होते नातवासाठी. हात साबणाने धुवायला लावले, पुसले, पुन्हा टोचलं. १३१. बोटाला लागलेला आंब्याचा रस मीटरने इमानदारीत मोजला होता.

तर: हात धुवा, कोरडे करा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. बोट पिळपिळ पिळू नका, हात खाली सोडून थोडा झटका. आणि रोज चार वेळा मोजायची गरज तुम्हाला नाही, स्ट्रिपा महाग पडतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, कधी उपाशीपोटी, कधी जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी, एवढं पुरे.

---

तिसरी_शिफ्ट

चाकणची_पाळी, मी पण एमआयडीसीतलाच, बुटीबोरीला, नागपूरकडं. पाळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तिसऱ्या पाळीत मी आधी रात्री दोन वाजता कँटीनमध्ये पूर्ण जेवत होतो. भात, तर्री, सगळं. सकाळी घरी येऊन पुन्हा नाश्ता आणि झोप. साखर कशी उतरेल मग? आता मोठं जेवण संध्याकाळी निघायच्या आधी घरी. रात्री दोनला डब्यातलं: उकडलेले चणे नाहीतर मटकी, दोन अंडी, काकडी, ताक. चहा बिनसाखरेचा, तोही तीनच्या आधी, नाहीतर सकाळी झोप लागत नाही आणि झोप नाही झाली की दुसऱ्या दिवशी साखर वरच दिसते माझी. सकाळी घरी येऊन थोडंसंच खायचं आणि खोलीत अंधार करून झोपायचं.

चालायचं घड्याळाला बांधलंच नाही मी. जेवणाला बांधलं. जेवण कोणत्याही पाळीत असो, त्याच्या मागं दहा-पंधरा मिनिटं. प्लांटमध्ये शेडभोवती चक्कर मारतो. पहिल्यांदा पोरं हसली, आता तिघंजण येतात. एकाला तर शुगर नाही, तो तंबाखू सोडायला येतो.

---

चाकणची_पाळी

@तिसरी_शिफ्ट, भाऊ, हेच हवं होतं. मी सकाळी साडेपाचचा गजर लावून तिन्ही पाळ्यांत चालायचा हट्ट धरत होतो. जेवणाला बांधायचं हे सुचलंच नाही.

सगळ्यांचे आभार. आत्ता एवढंच ठरवलंय: जेवणानंतर चक्कर, भात शेवटी, आणि पुढच्या आठवड्यात तिसरी पाळी आहे तेव्हा चण्याचा डबा. बायको आकडा विचारणार नाही म्हणाली आहे, बघू किती दिवस तग धरते. कमरेला टेप लावली, ९४ आली. मिसळ महिन्यातून एकदा राहील, त्यावर चर्चा नको.

मीटर काढला आज. @सूक्ष्मदर्शी, स्ट्रिपांची डबी इतके दिवस बाईकच्या डिकीत होती, एक्सपायरी अजून आहे. चालतील का?

---

सूक्ष्मदर्शी

नको. उन्हात तापलेल्या डिकीत स्ट्रिपा खराब होतात, तारीख असली तरी. आणि डबी उघडून तीन महिने होऊन गेले असतील तर बऱ्याच कंपन्यांच्या स्ट्रिपा तशाही बाद होतात, डबीवर लिहिलेलं असतं. नवी घ्या, घरात कोरड्या जागी ठेवा, स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा. फ्रीजमध्ये पण नको.

---

लोकल_फास्ट

फ्रीजमध्ये नको?? माझी दोन वर्षं फ्रीजमध्येच आहे.

---

सूक्ष्मदर्शी

काढा.